बर्फातून आलेली बोन मॅरो

"मॅडम, हे काय आलंय ते बघाच," असं म्हणत सुप्रियाने थर्माकोलचा खोका माझ्या टेबलावर ठेवला आणि सगळ्या खोलीत बोंबलाचा वास पसरला.

सोमवारची सकाळ. अजून चहासुद्धा झाला नव्हता. मी झाकण उघडलं. वर फोडलेला बर्फ, खाली फोडलेला बर्फ, आणि मधोमध पापलेट झोपवावं तशी नीट आडवी ठेवलेली हिरव्या टोपणाची ट्यूब. ट्यूबमध्ये गडद लाल बोन मॅरो, म्हणजे हाडाच्या पोकळीतला मगज. मी कपाळावर हात मारून घेतला.

का, ते सांगते. मी सायटोजेनेटिसिस्ट आहे. नाव भारदस्त आहे, पण काम चार वाक्यांत सांगता येतं. नवीन पनवेलमधल्या एका लॅबमध्ये बसून मी रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींमधले क्रोमोसोम बघते. कुठला तुटलाय, कुठला जास्तीचा आहे, कुणाचा तुकडा कुणाला चिकटलाय, ते शोधते आणि डॉक्टरांना कळवते. माझ्या सासूबाई अजूनही लोकांना सांगतात, "आमची सून रक्त तपासते." मी दुरुस्त करणं कधीच सोडून दिलंय.

गोम अशी आहे की क्रोमोसोम एरवी दिसत नाहीत. पेशी दुभंगायला निघते, एकाच्या दोन व्हायला लागते, तेव्हाच ते गोळा होऊन सुटे सुटे दिसतात. म्हणून पेशी आमच्यापर्यंत जिवंत यावी लागते. मग आम्ही तिला अंगाइतक्या उबेत ठेवतो, खाऊपिऊ घालतो, यालाच कल्चर म्हणतात, आणि ती दुभंगायला लागली की नेमकी मध्येच पकडतो. ट्यूब साध्या खोलीच्या तापमानात आणायची, बर्फ अजिबात लावायचा नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. दवाखान्यांना आम्ही देतो त्या किटवर ते छापलेलंही होतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

"कुणी आणलं हे?"

"बाहेर बसलेत. करंजा बंदरावरचे नाखवा आहेत. उठतच नाहीत," सुप्रिया म्हणाली. सुप्रिया माझी सीनियर टेक्निशियन. मूळची ओवे गावची, जिभेने तिखट आणि हाताने देवमाणूस.

बाहेर साठीच्या आसपासचा एक काळा, रुंद माणूस बाकाच्या टोकावर बसला होता. नाव नामदेव. स्वतःची बोट होती, म्हणून नाखवा. ट्यूब त्यांच्या मुलीची, दर्शनाची होती.

"शनवारी दुपारी आलेलो," ते म्हणाले. "वाचमन बोलला, बंद झाला, सोमवारी या. दवाखान्यातली नर्स बोललेली, जिवंत पेशी हायत, खराब होता कामा नये. मंग मी बोटीचा खोका घेतला. बरफ सरू दिला नाय मॅडम. रातीपन बदलला. मासली असती ना, तर डोला अजून चकचकीत असता."

त्यांच्या आवाजात अभिमान होता हो. काम चोख केलेल्या माणसाचा. 

सुप्रियाच्याने राहवलं नाही. "अवो नाखवा, ही काय सुरमई हाय? बरफ मेलेल्या मासलीला. ही जिती हाय!"

"जिती म्हंजे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जिताड्यासारी जिती?"

जिताडा म्हणजे आमच्या खाडीतला मोठा, रुबाबदार मासा. खारभूमीतल्या तळ्यांत लोक तो जिवंत पाळतात. मी म्हटलं, "हो नाखवा. तशी जिवंत."

त्यांचा चेहरा उतरला. तो मला अजून आठवतो. "जिता जिताडा कोनी बरफात टाकत नाय," ते हळूच म्हणाले. आणि मग, "मंग मी पोरीला मारली का मॅडम?"

"छे, छे, काहीतरीच काय! पोरीला काय झालंय? ती दवाखान्यात डॉक्टरांच्या डोळ्यासमोर आहे," मी म्हटलं. पण माझं मलाच ते पटलं नव्हतं. मी आत येऊन डॉक्टर सबांना फोन लावला.

डॉक्टर सबा पनवेलमधल्याच एका हॉस्पिटलात रक्तविकारतज्ज्ञ आहेत. तरुण आहेत, भराभर बोलतात. "या अल्ला! शनिवारी पोचलं नाही? मी तर तुमच्या रिपोर्टची वाट बघत बसलेय!"

त्यांनी सांगितलं ते असं. दर्शना चोवीस-पंचवीसची. करंजा बंदरावर मासळीचा लिलाव पुकारते. तिचा आवाज धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो म्हणे. महिन्याभरात अंगावर निळे डाग उठले, मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते थांबेना. तोंडात कापसाचे बोळे घेऊन ॲडमिट झाली. डॉक्टर सबांना संशय होता एपीएलचा.

एपीएल हा रक्ताचा एक कॅन्सर. यात कोवळ्या पेशी कोवळ्याच राहतात, मोठ्या होत नाहीत, आणि रक्त गोठण्याचं सगळं तंत्र बिघडवून टाकतात. मेंदूत रक्तस्राव झाला तर माणूस हातचा जातो. एके काळी डॉक्टर या नावाला टरकायचे. आता मात्र हा बरा होणाऱ्यांतला कॅन्सर आहे, आणि तो कशाने बरा होतो? व्हिटॅमिन ए च्या नात्यातल्या एका गोळीने. ही गोळी पेशीला मारत नाही. ती अडकलेल्या पेशीला मोठी करते. पेशी वयात येते, चार दिवस शहाण्यासारखी वागते आणि आपल्या मरणाने मरते. मी हे शिकताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कॅन्सरची पेशी ठेचायचीच, हेच तोवर डोक्यात होतं. तिला वाढवूनही सुटका होते, हे कुणाच्या मनात तरी आलं असेल का!

"गोळी मी शनिवारीच चालू केली," डॉक्टर सबा म्हणाल्या. "पण पेशींचं रूप मला पूर्ण पटत नाहीये. कन्फर्म करून द्या."

"पुन्हा मॅरो काढता येईल?"

"मॅडम, दोनदा सुई घातली तेव्हा एवढंसं मिळालं. रक्तात त्या पेशी जवळजवळ नाहीतच. आणि आता आत गोळी गेलीय, पेशी बदलायला लागल्या असतील. जे आहे ते तुमच्याकडेच आहे."

म्हणजे त्या बोंबलाच्या वासाच्या खोक्यात.

आमचे डायरेक्टर देसाई सर. माणूस वाईट नाही, पण ऑडिट या शब्दाने त्यांना घाम फुटतो. त्यांनी ट्यूब लांबूनच बघितली. "रिजेक्ट करा. नियम स्पष्ट आहे. बर्फातलं सॅम्पल घ्यायचं नाही."

"सर, दुसरं सॅम्पल नाही."

"मग कल्चर लावून काय उगवणार आहे? काहीच नाही आलं तर नाव आपलं खराब."

"फिशला तर जिवंत पेशी लागत नाही ना सर?"

ही आमची दुसरी टेस्ट. यात चमकणाऱ्या रंगांचे ठिपके ठरावीक क्रोमोसोमवर चिकटवतात. डीएनए शाबूत असला की झालं, पेशी मेलेली चालते. या टेस्टचं नाव फिश. त्या दिवशी बाहेर नाखवांसमोर ते नाव घ्यायची मला चोरी झाली होती.

सर थोडे नरमले. "फिश करा. कल्चर लावायचं तर लावा, पण रिपोर्टवर स्पष्ट लिहा, बर्फात आलं म्हणून. आणि तो खोका आधी बाहेर काढा, प्लीज!"

आम्ही ट्यूब लगेच उबेत घातली नाही. गारठलेल्या पेशीला एकदम ऊब दिली तर तिला सोसवत नाही असा माझा अनुभव. टेबलावर ठेवली, हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ दिली. मग थोडा भाग फिशसाठी, उरलेला दोन बाटल्यांत कल्चरला. एक बाटली दुसऱ्या दिवशी काढायची, एक तिसऱ्या. इन्क्युबेटरचं दार लावताना सुप्रिया पुटपुटली, "एकवीरा आई, बघ गं." मी देवाधर्माच्या फार वाटेला जात नाही. त्या दिवशी मीही मनातल्या मनात हात जोडले.

मंगळवारी सकाळी अंधाऱ्या खोलीत बसून मी फिशच्या स्लाइड बघितल्या. हे कसं वाचायचं ते सांगते. पंधरा नंबरच्या क्रोमोसोमवर लाल ठिपका, सतरा नंबरवर हिरवा. प्रत्येक क्रोमोसोमची जोडी असते, म्हणून निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे. एपीएलमध्ये पंधरा आणि सतरा तुटतात, तुकड्यांची अदलाबदल करतात, लाल-हिरवे एकमेकांना चिकटतात आणि जोड पिवळा दिसतो. मी पिवळा शोधत होते.

पिवळा कुठेच नव्हता. पण हिरवे तीन होते.

मी डोळे चोळले. पुढची पेशी. दोन लाल, तीन हिरवे. त्याच्या पुढची, तेच. मी सुप्रियाला हाक मारली, ती म्हणाली, "तीनच आहेत मॅडम, तुमचा चष्मा ठीक आहे."

म्हणजे सतरा नंबर तुटला होता, अगदी एपीएलमध्ये तुटतो त्याच जागी. पण त्याने पंधराशी सोयरीक केली नव्हती. तुकडा दुसऱ्याच कुणाकडे गेला होता. हे फार क्वचित घडतं. इतक्या वर्षांत मी ते पुस्तकात बघितलं होतं, स्लाइडवर नव्हतं.

मी हे डॉक्टर सबांना फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "पाच की अकरा?"

सगळी गोष्ट या प्रश्नावर येऊन थांबली. तुकडा पाच नंबरवर गेला असेल तर गोळीचा गुण येतो. गोळी चालू ठेवायची, जोडीला केमो द्यायची, पोरगी वाचण्याची चांगली आशा. अकरा नंबरच्या टोकाकडे गेला असेल तर गोळी बहुतेक निकामी. मग तिच्यावर विसंबून राहण्यात एकेक दिवस फुकट जातो. दुसरी, अंग पिळवटून काढणारी केमो लगेच, आणि पुढे मॅरो ट्रान्सप्लांट. फिशचे आमच्याकडचे ठिपके तुकडा कुठे गेला ते सांगू शकत नव्हते. मोठी जीन टेस्ट मुंबईला पाठवली तर रिपोर्ट यायला आठवडा तरी जाणार. ते कळायला क्रोमोसोम डोळ्यांनी बघायला हवे होते. त्याला दुभंगणाऱ्या पेशी हव्या होत्या. आणि त्या तर बर्फात दोन रात्री काढून आलेल्या!

"मी उद्या संध्याकाळपर्यंत थांबते," डॉक्टर सबा म्हणाल्या. "त्याच्या पुढे नाही थांबू शकत."

त्याच दुपारी पहिली बाटली काढली. दुभंगणाऱ्या पेशींना औषध घालून जागच्या जागी थांबवायचं, मग पातळ द्रावणाने फुगवायचं, मग स्लाइडवर उंचावरून थेंब टाकायचा. थेंब पडला की फुगलेली पेशी फुटते आणि क्रोमोसोम पसरतात. मग रंग द्यायचा. प्रत्येकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात. दोरीवर पट्ट्यापट्ट्यांचे मोजे वाळत घातलेत आणि आपण जोड्या लावत बसलोय, असं ते काम आहे.

पेशी मिळाल्या! थोड्या, पण मिळाल्या. सुप्रियाने टाळ्या वाजवल्या. मी एक बघितली, दुसरी बघितली, पाचवी बघितली. सगळ्या नॉर्मल. सेहेचाळीस क्रोमोसोम, सगळे धडधाकट. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

देसाई सर म्हणाले, "नॉर्मल रिपोर्ट द्या मग."

"सर, या तिच्या चांगल्या पेशी आहेत. त्या आधी दुभंगतात. आजारी पेशी या आजारात मागाहून उठतात. म्हणून तर दुसरी बाटली ठेवलीय."

"आणि त्या बर्फातच मेल्या असतील तर?"

मी जाऊन इन्क्युबेटरचं तापमान पुन्हा तपासलं. 

बुधवारी नाखवा पुन्हा येऊन बसले. मी म्हटलं, "दवाखान्यात पोरीजवळ थांबा ना." म्हणाले, "तिच्याजवल तिची आय हाय. पोरगी मना विचारते, बाबा, तुमी पोचवला ना नीट? मी काय सांगू?" मी त्यांना चहा पाठवला. तो तसाच गार झाला.

दुसऱ्या बाटलीच्या स्लाइड दुपारी तयार झाल्या. मी मायक्रोस्कोपला डोळे लावले. पहिली स्लाइड, काही नाही. नुसत्या मेलेल्या पेशींचा चिखल. दुसरी, तेच. तिसऱ्या स्लाइडच्या कोपऱ्यात एक दुभंगणारी पेशी सापडली. कुरूप होती, क्रोमोसोम आखूड, अस्पष्ट, विस्कटलेले. आजारी पेशी अशाच असतात, म्हणून मला उलट आनंदच झाला.

मी सतरा शोधले. एक धड होता. दुसरा थोटा, खालचं अंग गेलेलं.

"सुप्रिया, इकडे ये. सतरा तुटलाय."

"तुकडा?"

"थांब." आधी अकरा बघितले. खरं सांगते, बघवत नव्हतं. पहिला अकरा, पट्ट्या बरोबर. दुसरा अकरा, वरपासून खालपर्यंत बरोबर. मी पुन्हा बघितला. बरोबरच होता. मग पाच. एक पाच जसा असायला हवा तसा. आणि दुसऱ्या पाचाच्या खाली एक जादा शेपटी. तिच्या पट्ट्या सतराच्या.

त्या क्षणी मला जे वाटलं ते कसं सांगावं? करंज्याच्या एका मुलीच्या हाडात, कधीतरी, कुणालाही न कळता, एका पेशीत दोन धागे तुटले आणि चुकीच्या टोकांना जोडले गेले. तेवढ्याने धक्क्यावर घुमणारा तो आवाज बंद झाला. आणि तो चुकलेला जोड आता माझ्या डोळ्यांसमोर होता, स्वच्छ, बोट ठेवून दाखवावा असा. मासळीच्या बर्फातून आलेली ती पेशी, उबेत ठेवल्यावर उठली होती आणि आपलं काम करायला लागली होती. आजारीच होती, पण काय तिची जिद्द! मला तिचा राग यायला हवा होता. मी नुसती बघतच राहिले.

पण एका पेशीवर रिपोर्ट देता येत नाही. तीच खोड निदान दोन पेशींत दिसावी लागते, नाहीतर तो योगायोगही असू शकतो. उरलेल्या स्लाइड मी आणि सुप्रियाने वाटून घेतल्या. दोघी दोन मायक्रोस्कोपांवर.  शेवटून दुसऱ्या स्लाइडवर सुप्रिया ओरडली, "मॅडम! थोटा सतरा! आणि हा बघा शेपटीवाला पाच!"

खात्रीसाठी तिच्याच स्लाइडवर फिशचे ठिपके चढवले. हिरवा ठिपका पाच नंबरच्या शेपटीवर लखलखत होता. देसाई सर स्वतः येऊन बघून गेले. बराच वेळ डोळा काढेनात. मग म्हणाले, "कमाल आहे." एवढंच. सरांच्या तोंडून म्हणजे ते पुष्कळ झालं.

मी फोन लावला. "पाच."

पलीकडून डॉक्टर सबा म्हणाल्या, "शुक्र है. पक्कं?"

"दोन पेशी, आणि वर फिश. पक्कं. गोळी थांबवू नका."

बाहेर नाखवांना सांगायला मी स्वतः गेले. क्रोमोसोम वगैरे काही सांगितलं नाही. "नाखवा, पेशी जगल्या. आजार सापडला. औषध बरोबर चाललंय." ते बाकावरून उठले, पुन्हा बसले, आणि तोंडाला टॉवेल लावून ढसाढसा रडले. सुप्रिया शेजारी बसून म्हणत राहिली, "आता रडू नका, पोरगी बघेल तर काय बोलेल." ती स्वतःही रडतच होती.

दर्शनाचं रक्त थांबायला वेळ लागला. मध्ये एकदा ताप चढला, आयसीयूत न्यावं लागलं, डॉक्टर सबांचा आवाज फोनवर बारीक झाला होता. आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो. पण ती निघाली त्यातून.

उपचाराचा पहिला टप्पा संपल्यावर मॅरो पुन्हा तपासायची होती. त्या दिवशी नाखवा दारातून आले ते शर्टाच्या आत पोटाशी हात धरून. मला वाटलं, पोट दुखतंय. त्यांनी मूठ बाहेर काढली आणि उघडली. हिरव्या टोपणाची ट्यूब.

"जिती आनलीय," ते म्हणाले.

त्यांच्या मागून डोक्याला स्कार्फ, तोंडाला मास्क लावलेली एक बारीक मुलगी आली. दर्शना. मी तिला पहिल्यांदाच बघत होते, म्हणजे तिच्या आतलं बघून झाल्यावर.

दोन दिवसांनी फिश वाचलं. दोन लाल, दोन हिरवे. पुढची पेशी, दोन आणि दोन. शोधून शोधून तिसरा हिरवा सापडला नाही. रिपोर्ट न्यायला दोघं बापलेक आली तेव्हा मी दर्शनाला आत बोलावलं आणि जुनी स्लाइड लावून दिली. तसं करायचं नसतं. केलं.

तिने डोळा लावला. "ही मी?"

"तूच. आजारी होतीस तेव्हाची. हा बघ, शेपटी आलेला."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "ह्या आता कुटं गेल्या?"

"गोळीने मोठ्या झाल्या. म्हाताऱ्या झाल्या. गेल्या आपल्या आपण."

 एकदम मान वर करून तिने मास्क खाली ओढला आणि दाराकडे बघून हाक मारली, "बाबा! हिकडं या! बघा तुमी काय बरफात ठेवलेला!" काय तो आवाज! रिसेप्शनवरची माणसं उभी राहिली, देसाई सर भांडण लागलं समजून केबिनबाहेर आले. मी मात्र मनात म्हटलं, हां, हा तो लिलावाचा आवाज.

त्यानंतर आमच्याकडे दोन सुधारणा झाल्या. शनिवारी दुपारनंतर कुणी सॅम्पल घेऊन आलं तर वॉचमनने मला फोन करायचा. आणि प्रत्येक किटवर आता मराठीत, ठळक अक्षरांत स्टिकर असतं: ही जिवंत वस्तू आहे, बर्फात ठेवू नये. मजकूर देसाई सरांचा. शेजारी जिताड्याचं चित्र टाकू या असं मी सुचवलं होतं, पण ते ऑडिटला चालणार नाही म्हणाले.